परवानगी कोणाला, कशाची आणि कुठवर?

(माहूर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय फलकावर वाचून काही जण हसले, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर, वय सत्तरीच्या पुढं, आणि विषय काय, तर लिनक्सवर स्कॅनर-प्रिंटरचे ड्रायव्हर बसवताना येणारी परवानगीची अडचण. एक स्नेही तर दारातच म्हणाले, "सर, रिटायर झाल्यावर दुरुस्तीचं दुकान टाकायलात की काय?" नाही. दुरुस्तीचं दुकान टाकण्याइतकी अक्कल असती, तर आज हे व्याख्यान द्यायची वेळच आली नसती. का ते पुढं येईलच.

आज आम्ही समीक्षा करणार आहोत. समीक्षेला संहिता लागते. कोणी कादंबरी घेतो, कोणी भाष्यग्रंथ घेतो. आमची आजची संहिता एका ओळीची आहे. लिनक्स वापरणाऱ्या कोणालाही विचारा, "हे उपकरण चालत नाही, परवानगी नाही म्हणतंय." दहातले काही जण तरी हीच ओळ देतील: सुडो, चमॉड, डॅश कॅपिटल आर, सातशे सत्त्याहत्तर, आणि पुढं फोल्डरचा पत्ता. हिला लेखक नाही, तारीख नाही, पण तोंडोतोंडी पसरण्यात ती एखाद्या म्हणीला हार जाणार नाही. आमचं म्हणणं असं, की ही ओळ वाईट लिहिलेली आहे. वाक्यरचनेत चूक नाही, विचारात आहे. ती चूक आम्हीही केली, म्हणून आधी आमचंच सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इथल्या एका वाचनालयाला कोणीतरी जुना संगणक दिला. त्याच्यावर विंडोज धापा टाकत चालायचं, म्हणून कॉलेजातल्या एका पोरानं त्यावर डेबियन बसवून दिलं. संगणक पळायला लागला. मग एक जुना स्कॅनर मिळाला. आमच्या मनात आलं, गावात घराघरांत जुन्या वह्या आहेत, मोडीतली बाडं आहेत, त्यांची छायाचित्रं करून ठेवू. पहिली वही एका वृद्ध गृहस्थांनी दिली. त्यांच्या वडिलांनी लिहिलेली. निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षी माणसं रात्रीतून पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात कशी गेली, कोणाच्या ओसरीवर राहिली, परत आल्यावर घरात काय सापडलं, असं सगळं त्या वहीत शाईनं लिहिलेलं. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला हे पुस्तकात मिळतं. पण घरी परतल्यावर कणगीत किती जोंधळे उरले होते, हे त्या वहीतच होतं.

स्कॅनर जोडला. प्रोग्राम म्हणाला, स्कॅनर सापडला नाही. पोरगं म्हणालं, "सर, ड्रायव्हर टाकलोय, तरी चालंना गेलंय." मग त्यानं तीच आज्ञा सुडो लावून दिली आणि स्कॅनर लगेच सापडला. मग स्कॅन करायचा सगळा प्रोग्रामच त्यानं सुडो लावून उघडला. वही स्कॅन व्हायला लागली. त्यानं आमच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "सर, दरवेळी असंच करू का?" आणि आम्ही म्हणालो, "चालतंय ना? मग चालू दे."

हे वाक्य आमचं आहे. पुढं जे झालं त्याची जबाबदारी त्या पोरावर नाही.

सुडो लावून प्रोग्राम उघडला, की तो प्रोग्राम आपला राहत नाही. तो 'रूट' नावाच्या मालकाचा होतो. त्यामुळं त्या वहीची पानं आमच्या फोल्डरमध्ये न जाता रूटच्या स्वतःच्या घरात जाऊन बसली. आम्ही शोधतो तर दिसेनात. काही पानं बाहेर काढली, तर त्यांच्यावर कुलपाचं चिन्ह, मालक रूट. थोडी पानं कशीबशी काढून छापून घेतली. आठ-पंधरा दिवसांनी दुसरा एक हौशी मदतनीस आला. त्याला कुलपांचा कंटाळा आला. त्यानं आपली ती प्रसिद्ध ओळ टाइप केली. या फोल्डरपुरतं करायचं होतं, त्यासाठी आधी एक टिंब आणि मग तिरपी रेघ द्यायची असते. टिंब राहिलं. नुसत्या तिरप्या रेघेचा अर्थ, संगणकाच्या मुळापासून सगळं. यंत्रानं काही विचारलं नाही. मुळापासून पुसून टाकायला सांगितलं तर ते निदान अडवतं. मुळापासून परवानग्या बदलायला सांगितलं तर मुकाट्यानं बदलतं.

आता गंमत पाहा. सगळ्यांना सगळ्या परवानग्या मिळाल्या, आणि सुडोच चालेना. त्याचं कारण असं, की सुडो या प्रोग्रामच्या फाइलवर एक खास खूण असते. मला कोणीही चालवलं तरी मी माझ्या मालकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकारानं चालेन, असा त्या खुणेचा अर्थ. युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांची ही कल्पना. तिचं पेटंट १९७९ मध्ये मंजूर झालं होतं. सातशे सत्त्याहत्तर लिहिलं, की फाइलवरची ती खूण पुसली जाते. म्हणजे सर्वांना सर्वकाही दिलं आणि देण्याघेण्याचा अधिकारच नाहीसा झाला. इतकं नेमकं उदाहरण आम्हाला तीस वर्षं राज्यशास्त्राच्या मित्रांशी वाद घालताना सापडलं नव्हतं.

मग काय, नव्यानं डेबियन बसवायचं ठरलं. त्याआधी वापरणाऱ्यांची फोल्डरं पेनड्राइव्हवर घेतली. रूटचं घर कोणाच्या लक्षात आलं नाही. डिस्क पुसली गेली. राहून राहून मनात येतं ते असं, की त्या घटकेला ती पानं जगातल्या कोणालाही वाचायला मोकळी होती. सातशे सत्त्याहत्तर! फक्त ती कुठं आहेत, हे कोणाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून दहा मिनिटांत काढता आली असती.

वही तर मालकाकडं परत गेली होती. पुन्हा मागू म्हणता म्हणता पावसाळा आला. भिंत पाझरली, ट्रंकेत पाणी गेलं, वहीची मागची पानं एकमेकांना चिकटली. छापून घेतलेली थोडी पानं आज वाचनालयात आहेत. ती नदी ओलांडण्याच्या प्रसंगापाशी थांबतात.

एवढं झाल्यावर आम्ही पोराजवळ बसून हा विषय शिकलो. शिकलो ते असं.

पहिली गोष्ट म्हणजे ड्रायव्हरची अडचण आणि परवानगीची अडचण या दोन वेगळ्या आहेत. आपल्या न्यायशास्त्रात कारण ठरवायची एक जुनी रीत आहे, अन्वय-व्यतिरेक. अमुक असलं की कार्य होतं आणि अमुक नसलं की होत नाही, तर ते अमुक कारण. सुडो लावून स्कॅनर सापडतो, न लावता सापडत नाही. बाकी सगळं तेच. मग ड्रायव्हर आहे, तारही ठीक आहे. नाही ती परवानगी. सुडो लावूनही सापडला नसता, तर शोध दुसरीकडं, ड्रायव्हरकडं किंवा तारेकडं वळवायचा. म्हणजे ती सुडोची आज्ञा फार मोलाची होती, पण परीक्षा म्हणून. डॉक्टरनं छातीला स्टेथोस्कोप लावला आणि ठोके ऐकू आले. म्हणून रोग्यानं तो स्टेथोस्कोप गळ्यात घालून घरी जायचं नसतं. आम्ही तेच केलं.

दुसरी गोष्ट नीट वाचण्याची. यंत्र नकार देतं तेव्हा दोन वेगळी वाक्यं बोलतं, आणि आपण दोन्हींचं भाषांतर 'परवानगी नाही' असंच करतो. एक वाक्य 'परमिशन डिनाइड', दुसरं 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. लिनक्सच्या आत पहिल्याचा क्रमांक १३, दुसऱ्याचा १. पहिल्याचा अर्थ साधारण असा, की या वस्तूवर तुझं नाव नाही, पाटी बदलली तर येऊ देईन. दुसऱ्याचा अर्थ असा, की ही कृतीच तुला करता येणार नाही, पाटीचा प्रश्न नाही. एक दार बंद आहे म्हणून, दुसरं या जागी दार नाही म्हणून. पहिल्याला चमॉडचा उपयोग होऊ शकतो, दुसऱ्याला सहसा होत नाही. आमची एक ओळीची संहिता दोन्हींना एकच औषध देते. समीक्षक म्हणून आमचा तिच्यावरचा पहिला आक्षेप हा, की ती ज्या वाक्याला उत्तर देते, ते वाक्य तिनं वाचलेलंच नाही.

तिसरी गोष्ट, त्या तीन साती. लिनक्सला ही रीत युनिक्सकडून आली, आणि युनिक्स अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून घडत गेलं. प्रत्येक फाइलला तीन प्रकारची माणसं: मालक, गट आणि इतर. प्रत्येकाला तीन क्रिया: वाचणे, लिहिणे, चालवणे. वाचण्याला चार, लिहिण्याला दोन, चालवण्याला एक. बेरीज सात. वाचनालयाचंच उदाहरण घ्या. मालक म्हणजे ग्रंथपाल, गट म्हणजे सभासद, इतर म्हणजे रस्त्यानं जाणारा येणारा. दाखल-नोंदवहीत ग्रंथपालानं लिहायचं, सभासदांनी वाचायचं, इतरांना ती उघडायचं कारण नाही. अंकांत लिहा: सहाशे चाळीस. किती विचार आहे पाहा या तीन अंकांत! कोण, काय, कुठवर, हे एवढ्याशा जागेत. आणि सातशे सत्त्याहत्तर म्हणजे या तिन्ही प्रश्नांना दिलेलं 'कोणीही, काहीही' हे उत्तर. दुसरा आक्षेप हा. ती ओळ प्रश्न सोडवत नाही, प्रश्न विचारायचंच थांबवते.

आता उपकरणाकडं येऊ. युनिक्सच्या परंपरेत उपकरणसुद्धा फाइलसारखं दिसतं. स्कॅनर जोडला की 'डेव्ह' नावाच्या फोल्डरात त्याची एक खूण-फाइल उमटते. तिलाही मालक, गट, इतर. पण ही फाइल डिस्कवर कोरलेली नसते. उपकरण जोडलं की ती जन्मते, काढलं की मरते. म्हणून त्या फाइलवर चमॉड केलं तर आज चालतं; उद्या तार काढून लावली, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग माणूस म्हणतो, लिनक्सचा भरवसाच नाही. लिनक्सचा काय दोष? आपण पाण्यावर सही केली.

खरी पाटी दुसरीकडं असते. 'युडेव' नावाचा एक कारभारी नवं उपकरण आलं की नियमांच्या फाइली पाहतो: या कंपनीचा हा क्रमांक, याला अमुक गट द्या. स्कॅनरला 'स्कॅनर' नावाचा गट, मोडेम किंवा आर्डुइनोसारख्या पाटीला डेबियन-उबुंटूवर 'डायलआउट'. फोननं मोडेम जोडायच्या काळातलं ते नाव अजून टिकून आहे. प्रिंटर जोडायचा-काढायचा अधिकार तिथं 'एलपीॲडमिन' गटाकडं. शिवाय आजच्या बहुतेक लिनक्सांत आणखी एक सोय आहे: जो माणूस प्रत्यक्ष यंत्रासमोर बसून लॉगिन झाला आहे, त्याला त्याच्यासमोरचं उपकरण वापरू द्यायचं. नियमात तशी खूण असली, की परवानग्यांच्या रांगेच्या शेवटी एक अधिक चिन्ह दिसतं. समोर बसलेल्याचा हक्क! आम्हाला ही कल्पना फार आवडली.

आमच्या स्कॅनरचं घोडं इथंच अडलं होतं. त्याचा ड्रायव्हर बनवणाऱ्यांकडून वेगळा आणलेला होता, आणि त्याच्याबरोबर नियमाची फाइल आलीच नव्हती. म्हणून युडेवला ते उपकरण म्हणजे कोणीतरी अनोळखी पाहुणा. इलाज एका ओळीचा होता. 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली की उपकरणाचे दोन क्रमांक दिसतात, एक बनवणाऱ्याचा आणि एक वस्तूचा. ते घेऊन युडेवच्या नियमांच्या फोल्डरात एक छोटी फाइल लिहायची: या क्रमांकाचं यूएसबी उपकरण आलं तर गट स्कॅनर, परवानगी सहाशे चौसष्ट. मग युडेवला नियम पुन्हा वाचायला सांगायचं, तार काढून लावायची. झालं. ही फाइल लिहायला सुडो लागतं, पण एकदाच. नंतर रोजचं काम साध्या माणसानं साध्या अधिकारानं करायचं.

आणि त्या माणसाला गटात घालायचं. इथं एक खड्डा आहे, तो सांगतो, कारण त्यातही आम्ही पडलो. गटात घालायची आज्ञा 'युजरमॉड'. तिच्यात कॅपिटल जी बरोबर लहान ए लिहावा लागतो. 'ए' म्हणजे भर घाला. तो विसरलात, तर यंत्र समजतं की या माणसाचे जोडगट म्हणून फक्त हाच ठेवायचा, आणि बाकीच्या सगळ्या जोडगटांतून त्याचं नाव काढतं, सुडोच्या गटातूनसुद्धा. स्कॅनरचा सभासद करायला गेलो आणि वाचनालयाच्या चाव्या गेल्या! शिवाय गटात नाव घातलं तरी एकदा लॉगआउट होऊन परत यावं लागतं. चालू बैठकीला जुनीच यादी माहीत असते. या शेवटच्या गोष्टीपायी किती जणांनी 'गटानं काही होत नाही' असं म्हणून सातशे सत्त्याहत्तरची वाट धरली असेल! 'आयडी' एवढी आज्ञा द्यावी, आपण कोणकोणत्या गटात आहोत ते कळतं.

आता सुडोविषयी. ही आज्ञा १९८० च्या सुमारास न्यू यॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो इथल्या विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिली. तिचा मूळ हेतू पाहा. रूटचा पासवर्ड सगळ्यांना वाटत बसण्यापेक्षा, नेमक्या माणसाला नेमक्या कामापुरता अधिकार द्यायचा आणि त्याची नोंद ठेवायची. म्हणजे अधिकार आवरता घ्यायचं हे साधन. आज ते 'जय भवानी' म्हणून कुठंही लावलं जातं. नवीन वापरणाऱ्यानं पहिल्यांदा सुडो दिलं, की बऱ्याच ठिकाणी ते एक छोटं भाषण करतं: दुसऱ्याच्या खासगीपणाचा मान ठेवा, टाइप करण्याआधी विचार करा, मोठ्या सत्तेबरोबर मोठी जबाबदारी येते. त्याच्या रचनेत या मजकुराला नावच 'लेक्चर' असं आहे. आमच्या व्यवसायबंधूचं हे व्याख्यान पोरं न वाचता पुढं जातात. आम्हाला त्याचं दुःख नवीन नाही.

मंडळी, आतापर्यंत असं वाटेल, की रूट म्हणजे सार्वभौम राजा. तसंही नाही. बाहेरून आणलेला ड्रायव्हर थेट लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, घालायचा असतो. काही ग्राफिक्स कार्डांचं, काही वायफायचं तसं असतं. सिक्युअर बूट सुरू असेल तर रूटनं आज्ञा देऊनही बहुतेक ठिकाणी कर्नल तो घेत नाही. कारण त्यावर ओळखीची सही नाही. आपल्याकडं मोडी कागदपत्रांत शेवटी 'मोर्तब सूद' असायचं. पत्र पेशव्यांच्या दफ्तरातून आलं तरी शिक्क्याशिवाय ते पुरं होत नसे. शिवाय शिक्का मजकुराच्या शेवटी, म्हणजे खाली कोणी ओळ घुसडू नये. कर्नलचं म्हणणं तेच आहे. तू कोण ते राहू दे, कागदावर मोर्तब आहे का?

इथंही लोक एका ओळीत सांगतात, सिक्युअर बूट बंद करून टाका. कधी तो निर्णय विचारपूर्वक असू शकतो. यंत्र आपलं आहे. पण दुसरा मार्ग असतो. आपली स्वतःची किल्ली तयार करायची, ड्रायव्हरवर तिची सही करायची, आणि 'मॉकयुटिल' वापरून यंत्राला सांगायचं की ही किल्ली माझी. यंत्र पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो, आपण आधी दिलेला पासवर्ड विचारतो आणि किल्ली नोंदवून घेतो. तो पडदा घाईनं पुढं ढकलला, की सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. उबुंटूसारख्या ठिकाणी यातलं बरंच काम आपोआप होतं, निळ्या पडद्याचं मात्र माणसालाच करावं लागतं. यंत्रासमोर खरोखर कोणीतरी बसलं आहे, हे त्याला पाहायचं असतं.

आता आमच्या मूळ विषयाकडं, कारण इथं एक गंभीर आक्षेप येतो आणि तो यायलाच हवा. वेदान्तात कुठल्याही शास्त्राच्या आरंभी चार गोष्टी सांगायची रीत आहे: अधिकारी, विषय, संबंध, प्रयोजन. वर्गात आम्ही हे अनुबंधचतुष्टय शिकवायचो, तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी एकदा उठून म्हणाला, "सर, अधिकारी कोण हे ठरवणाराच आमच्या आज्याला दाराबाहेर ठेवत होता. मग या शब्दाचं कौतुक आम्ही का करावं?" त्याचं बरोबर होतं. 'अधिकार' हा शब्द आपल्या इतिहासात निष्पाप नाही. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केलं, कागदावर परवानगी झाली. तरी मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन ते पाणी ओंजळीत घ्यावं लागलं. यंत्रातल्या फाइलींची आणि त्या प्रसंगाची बरोबरी आम्ही करत नाही. तसं करणं अपमानाचं होईल. एवढंच म्हणतो, की ज्या समाजाला हा अनुभव आहे, त्याला प्रत्येक 'परवानगी नाही' संशयास्पद वाटली आणि प्रत्येक सातशे सत्त्याहत्तर मुक्तीसारखं वाटलं, तर ते समजण्यासारखं आहे.

आपल्या माहूरचंच घ्या. महानुभावांसाठी हे श्रीदत्तात्रेयप्रभूंचं स्थान. मराठी गद्याचे आद्य ग्रंथ त्या पंथानं जपले, आणि सकळा नावाच्या सांकेतिक लिपीत जपले. शतकानुशतकं पंथाबाहेरच्याला ते वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे अशा संशोधकांनी उलगडा केला तेव्हा 'लीळाचरित्र' मराठी वाचकाच्या हाती आलं. हे बंधन चांगलं की वाईट? ग्रंथ जपले गेले, हेही खरं. आपलीच भाषा आपल्याला कित्येक पिढ्या वाचता आली नाही, हेही खरं.

आणि लिनक्सच्या जगाचाही जन्म एका नकारातूनच झाला. १९८० च्या आसपास रिचर्ड स्टॉलमन एमआयटीच्या प्रयोगशाळेत होते. नवा झेरॉक्स प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरमध्ये त्यांनी स्वतः बदल करून कागद अडकला की संदेश येईल अशी सोय केली होती. नव्याचा स्रोतसंकेत मिळेना. ज्याच्याकडं होता त्यानं गुप्ततेच्या करारामुळं द्यायला नकार दिला. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हा प्रिंटर आहे. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांचं लिनक्स आलं ते या वाटेनं जाऊन मिळालं. म्हणजे ड्रायव्हरच्या परवानगीचा प्रश्न या घराण्याच्या पाळण्यातला आहे.

मग चांगला नकार आणि वाईट नकार ओळखायचा कसा? आमच्यापुरती आम्ही तीन प्रश्नांची कसोटी केली. नकार देणारा कारण सांगतो का? ज्याला नकार मिळाला त्याला पात्र होण्याची वाट खुली आहे का? आणि ती वाट त्याच्या आवाक्यातली आहे का? महाडला तिन्हींची उत्तरं 'नाही' होती. एमआयटीतही वाट नव्हती. आमच्या स्कॅनरच्या बाबतीत नियम उघडा होता, वाचता येत होता, बदलता येत होता. दहा ओळी वाचायचा आळस आमचा होता. त्या दाराला मुळात कुलूपच नव्हतं, कडी होती. आम्ही भिंत पाडली.

पण यंत्र बनवणाऱ्यांनाही सूट नको. 'परमिशन डिनाइड' एवढंच म्हणणं म्हणजे कचेरीतल्या बाबूनं 'होणार नाही' म्हणून मान खाली घालणं. कोणती फाइल, कोणता गट हवा, कोणाला विचारायचं, हे सांगायला काय जातं? आमचा प्रोग्राम तर त्याहून पुढचा. तो म्हणाला, स्कॅनर नाहीच. परवानगी नाही हे लपवून वस्तूच नाही म्हणणं, हा नकारांमधला सगळ्यात वाईट प्रकार. आणि ड्रायव्हर देणाऱ्यांनी 'ही फाइल रूट म्हणून चालवा' एवढं सांगून मोकळं व्हायचं, आत काय आहे ते सांगायचं नाही, नियमाची फाइल द्यायची नाही, हेही समीक्षेच्या बाहेर राहू नये. सातशे सत्त्याहत्तरची ओळ वाईट आहे. पण ती ज्या मौनातून जन्मली, ते मौन त्यांचं आहे.

शेवटी, चांगली सूचना कशी असावी? त्या विद्यार्थ्याची क्षमा मागून, चतुष्टयच वापरतो. ही सूचना कोणासाठी आहे. कोणत्या उपकरणाबद्दल, कोणत्या लिनक्सबद्दल आहे. यातली प्रत्येक आज्ञा नेमकं काय बदलते. आणि काम झाल्यावर ते परत कसं फिरवायचं. हा चौथा मुद्दा आमचा, शास्त्रकारांचा नाही. जी सूचना परतीची वाट सांगत नाही, ती घेऊ नका. आणि काहीही करण्याआधी, बाबांनो, नक्कल काढून ठेवा.

(यानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन.)

प्रश्न: सर, घरी एकट्यानंच वापरायचा संगणक. मग सगळं मोकळं ठेवलं तर बिघडलं कुठं?

उत्तर: एकटे तुम्ही असता, प्रोग्राम एकटा नसतो. तुमच्या नावानं दिवसभर पन्नास प्रोग्राम चालतात. त्यातला एक बिघडला, तर त्याचा हात कुठवर पोहोचावा, हे परवानगी ठरवते. आणि आपला स्वतःचा हातही घाईत टिंब विसरतो. आमचं उदाहरण समोर आहे.

प्रश्न: त्या वहीचं पुढं काय झालं?

उत्तर: चिकटलेली पानं जाणकाराला दाखवली. काही सुटतील म्हणतात, सावकाश. ते वृद्ध गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या मुलीनं वही वाचनालयाला दिली आणि सोबत एक अट घातली, की वही कोणालाही पाहू द्या, पण पानाला हात तुमच्यातल्या दोघांनीच लावायचा. आम्ही त्या पोराला विचारलं, हे अंकांत कसं लिहायचं? तो लगेच म्हणाला, "सहाशे चौसष्ट, सर. पण त्या दोघांचा गट आधी करावा लागतंय." गट केला आहे. स्कॅनर आता सुडोशिवाय चालतो. पुढच्या महिन्यात पहिलं सुटं पान त्यावर ठेवू.